नूकराजूचं मूढम

नूकराजूने गट्टिमेळम वाजवलं तेव्हा मुहूर्ताला अजून अवकाश होता. नवरदेव अंतरपाटाआड जांभई देत होता आणि पुरोहित दीक्षितुलू गारू, म्हणजे आपल्याकडचे दीक्षितुलूराव, मानेवर चढलेली लाल मुंगी झटकायला हात वर करत होते. त्या हातानेच घात केला.

मुहूर्ताच्या नेमक्या क्षणी डोलू म्हणजे ढोल आणि सन्नायी म्हणजे सनई, दोन्ही एकदम छाती फुटेस्तोवर वाजवायची, ते गट्टिमेळम. कुणाची शिंक, कुणाचं रडकं पोर, कुणाचं टोचून बोलणं, असलं काही अभद्र वधूवरांच्या कानी पडू नये म्हणून. पुरोहिताने हात वर करायचा आणि डोलूवाल्याने घाव घालायचा. नूकराजूला त्याच्या बापाने एवढं एकच शिकवलं होतं: नवरीकडे बघू नकोस, पंक्तीकडे बघू नकोस, पुरोहिताच्या हाताकडे बघ. बाप गेल्यापासून नूकराजू लग्नामागून लग्नं नुसते हात बघत आला होता. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे चेहरे त्याने लग्नानंतर बाजारात पाहिले.

पण त्या दिवशीचं ते लग्न म्हणजे लागोपाठचं तिसरं. दुसऱ्या दिवसापासून मूढम लागणार होतं. एकदा ते लागलं की महिनोन्‌महिने लग्न नाही, वास्तुशांत नाही, नव्या सुनेची पाठवणी नाही. त्यामुळे गोदावरीच्या त्या समुद्राजवळच्या पट्ट्यातल्या सगळ्या लंकांवर, म्हणजे नदीतल्या बेटांवर, लोकांनी शेवटची बस पकडावी तशी लग्नं उरकायला घेतली होती. नूकराजू रात्रभर एका बेटावर वाजवून पहाटे दुसऱ्या बेटावर गेला आणि तिथून मिळेल त्या होडीने कोमरलंकेला, आपल्या स्वतःच्या गावी, अच्चियम्माच्या मुलीच्या, लोवलक्ष्मीच्या मांडवात येऊन बसला. बसल्या बसल्या डोळा लागला. उघडला तो समोर पुरोहिताचा हात!

डोलू कडाडला. शेजारी त्याच्या बहिणीचा नवरा गवरय्या सन्नायीच्या नळीला ओल देत होता, त्यानेही सवयीने फुंकर मारली. करवल्यांनी अंतरपाट ओढला. नवरदेव भीमशंकरमने उघड्या तोंडानेच हातातला जिरं-गुळाचा गोळा लोवलक्ष्मीच्या डोक्यावर थापला, तिने त्याच्या. तिकडच्या लग्नात खरं लग्न ते हेच. अक्षता पडल्या. दीक्षितुलू गारू गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते, "थांबा! अरे थांबा!" पण ज्यात कुणाचं काही ऐकू येऊ नये त्याचंच नाव गट्टिमेळम. ते दोन्ही हात हलवायला लागले तेव्हा नूकराजूला वाटलं, आणखी जोरात म्हणतायत. त्याने आणखी जोरात वाजवलं.

मग एकाएकी सगळं गप्प झालं.

"मुहूर्त कुठे आहे अजून?" दीक्षितुलू गारू म्हणाले. त्यांचा घसा बसला होता. "असू दे. काही बिघडलं नाही. डोकी पुसा, वेळ झाली की मी सांगतो, पुन्हा ठेवा."

हे त्यांचं वाक्य कुणी ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नवऱ्यामुलाचे वडील सूरन्ना उठले होते. भाताच्या गिरणीचे मालक. त्यांचा आवाज गिरणी चालू असतानाही रस्त्यावर ऐकू येतो.

"माझ्या एकुलत्या एका मुलाच्या डोक्यावर अवेळी जिरं-गूळ?"

"आता ठेवलं ते ठेवलं!" नवरीचा मामा म्हणाला. "पुसून पुन्हा ठेवायला ती काय टोपी आहे?"

"म्हणजे अवेळीच लग्न लावता? माझा वंश बुडवायचाय?"

"वंशाचं आमच्या डोलूवाल्यावर काय ढकलता? तुमचा मुलगा जांभया देत होता!"

जांभईवरून गोष्ट सकाळच्या उपम्यावर गेली, उपम्यावरून मानपानाच्या साड्यांवर, साड्यांवरून मामाच्या भाताच्या सूरन्नांच्या गिरणीत कधीकाळी झालेल्या कण्यांवर. एवढ्यात मुहूर्त आला. कुणीच हात केला नाही हे पाहून तो बससारखा पुढे निघून गेला. तो जाताना एकट्या दीक्षितुलूंनी पाहिला. मंगळसूत्र नारळावर ठेवलं होतं तसंच राहिलं.

"मूढम उतरलं की बघू," सूरन्ना होडीकडे जाताना म्हणाले. "हीच मुलगी की दुसरी, ते तेव्हाचं तेव्हा."

वऱ्हाड न जेवता गेलं. फणसाची भाजी, भोपळ्याचं आंबटगोड सांबारं, पुरणाची बूरेलु असं सगळं तसंच उरलं. सगळी कोमरलंका ते दोन दिवस खात होती, दुःखी चेहरा करून आणि पुन्हा पुन्हा वाढून घेत.

अच्चियम्मा नूकराजूसमोर येऊन उभी राहिली. विधवा बाई. नारळाच्या काथ्याचे दोर वळून तिने मुलगी वाढवली होती. नूकराजूने गाल पुढे केला. तिने मारलं नाही.

"नूकराजू," ती म्हणाली, "माझ्या लोवलक्ष्मीचं लग्न सूरन्नांच्याच घरी लागत नाही तोवर या लंकेतल्या कुठल्या मांडवात तुझा डोलू वाजला, तर तो मी गोदावरीत सोडीन. तू वर बसला असलास तरी सोडीन."

कुणी तिला अडवलं नाही. गवरय्यानेसुद्धा मान डोलावली.

*

मराठीत मूढ हा माणूस असतो. गोदावरीकाठी, पार खाली समुद्राजवळ, मूढम हे हवामानासारखं येतं. शुक्र किंवा गुरू सूर्याच्या फार जवळ गेला आणि आकाशात दिसेनासा झाला की मूढम लागलं. आचारी मुलाबाळांकडे राहायला जातात, फुलवाले शेवंती उपटून मिरच्या लावतात, मांडववाले बांबूंवर बसून पत्ते कुटतात. मूढमात सगळ्यांनाच काम नसतं, म्हणून कुणाला लाज नसते. या खेपेला मात्र लाज होती आणि ती एकट्या नूकराजूच्या वाट्याला आली होती. पोरं त्याला 'मूढम' म्हणूनच हाक मारायला लागली. मोठी माणसं तसं म्हणत नव्हती, पण तो दिसला की घड्याळात बघत होती.

नूकराजू हा बुटका, गोल, सदा ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून असलेला माणूस. डोलू गळ्यात अडकवला की समोरून नुसते पाय आणि डोकं दिसायचं. बोटं त्याच्या ताब्यात नसत. तांदळाच्या पिंपावर, म्हशीच्या पाठीवर, न्हाव्याच्या खुर्चीत बसला तर स्वतःच्या साबण लावलेल्या गालावर ती चालूच. मूढम लागल्यावर आठवड्याभरात त्याच्या बायकोने हात टेकले.

"अहो, त्या पिंपाला काय झोप नको?"

"मी कुठे वाजवतोय? बोटं वाजवतायत."

"मग बोटांना घेऊन बाहेर जा. पिंपात तांदूळ किती उरलेत ते मला आवाजावरून कळायला लागलंय, आणि ते बरं कळत नाहीये."

तो बाहेर पडला आणि दीक्षितुलू गारूंच्या ओट्यावर जाऊन बसला. दीक्षितुलूंनाही काम नव्हतं. ते उन्हात पाय सोडून बसले होते.

"गारू, एक विचारू? मी मूढ आहे का?"

"हे विचारायला एवढ्या लांब आलास?"

"पोरं मला मूढम म्हणतात."

"मग मान दिलाय तुला." दीक्षितुलू सरसावून बसले. त्यांना ऐकणारा माणूस फार दिवसांनी मिळाला होता. "मी काशीला शिकलो. तिथे मूढ म्हणजे गाढव. मद्रासला मावशीकडे राहिलो, तिथे मूडन म्हणजे तेच, फक्त तिथल्या गाढवाला आंघोळ घातलेली. माझा जावई बेंगळुरूला असतो. त्याच्या कन्नडमध्ये मौढ्य म्हणजे अंधश्रद्धा. म्हणजे कोण? तर मी! माझं सगळं पंचांग त्याच्या लेखी मौढ्य. दिवाळीला येतो, मला हसतो, आणि जाताना हळूच विचारतो, मामय्या, गाडी घ्यायला दिवस कुठला चांगला?"

नूकराजू हसला. बऱ्याच दिवसांनी.

"आणि आपल्याकडे?"

दीक्षितुलूंनी आतून देवापुढची समई मागवली, पेटती. ती भर उन्हात ओट्यावर ठेवली. "ज्योत दिसते?"

"नाही."

"विझली?"

नूकराजूने बोट जवळ नेलं आणि चटकन मागे घेतलं. "नाही विझली."

"हे मूढम. शुक्र काही विझत नाही. फार मोठ्या उजेडाच्या फार जवळ उभा राहतो, एवढंच. सगळ्या भाषांनी माणसाला मूढ केलं, आपण ताऱ्याला केलं. गुरू हा देवांचा गुरू, त्याला वर्षात महिनाभर मूढम लागतं, तर तुझं काय घेऊन बसलास? उतरेल."

"शुक्राचं उतरेल गारू. माझं सूरन्ना उतरवतील तेव्हा. दुसरी मुलगी बघू म्हणालेत."

यावर दीक्षितुलू उठले. समई तेवढी आत नेली. तेल महाग झालं होतं.

*

संक्रांत आली. तिला मूढम लागत नाही. घरोघर अनारशांची धाकटी भावंडं, अरिसेलु, तळली जात होती. गोदावरीकडे पहिल्या संक्रांतीला नवा जावई बोलावतात आणि त्याच्या पानाभोवती इतके पदार्थ मांडतात की पान शोधावं लागतं. अच्चियम्माच्या घरी तळणीचा वास नव्हता. जावई आहे की नाही हेच जिथे ठरलं नव्हतं तिथे तळायचं कुणासाठी? लोवलक्ष्मी अंगणात रांगोळी काढत होती. नूकराजू रस्त्याने जाताना तिने मान वर केली.

"काय बाबाई, बोटं कशी आहेत?"

बाबाई म्हणजे काका. तिने टोमणा मारला असता तर त्याला परवडलं असतं. तिने खरंच विचारलं होतं. नूकराजू तसाच घाटावर गेला.

घाटावर तिरपतय्या होता, नंदीबैलवाला. झूल घातलेला, शिंगांना पितळी टोप्या घातलेला, मुत्यालू नावाचा पांढरा बैल घेऊन तो दर संक्रांतीला दारोदार फिरायचा. त्याचा ढोलकीवाला तापाने पडला होता.

"मांडवात वाजवायची बंदी आहे ना मला," नूकराजू म्हणाला. "बैलासमोर नाही."

"माझा बैल मूढमाला भीत नाही," तिरपतय्या म्हणाला. "पण ताल चुकवलास तर तो माझंही ऐकत नाही. नीट बघ. बोटांनी भरभर वाजवलंस की तो मान डोलावतो, म्हणजे हो. काठीचा एकच ठोका दिलास की मान हलवतो, म्हणजे नाही. लोकांना वाटतं तो माझं ऐकतो."

नूकराजूने मुत्यालूच्या कपाळाला हात लावला. "आपण पलीकडच्या तीरावर पण जाणार ना? सूरन्नांच्या गल्लीत?"

तिरपतय्याला सगळी कथा ठाऊक होती. सगळ्या लंकांना ठाऊक होती. तो दाढी खाजवत हसला. होडीत दोघांनी बेत केला. सूरन्नांच्या दारात तिरपतय्या बैलाला विचारणार, घोटाळा कुणाचा? डोलूवाल्याचा? नूकराजूने भरभर वाजवायचं, बैलाने हो म्हणायचं, नूकराजूने सगळ्या गल्लीसमोर सूरन्नांच्या पायावर डोकं ठेवायचं. सणाच्या दिवशी पायावर पडलेल्या माणसाला लाथ कोण मारतो?

गिरणीशेजारचं घर. सूरन्ना खुर्ची टाकून दारात बसले होते, नवं धोतर नेसून. भीमशंकरम खांबाला टेकून उभा होता. तो वाळला होता. आई मंगतायारू पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. गल्ली जमली. डोलूमागचं डोकं कुणाचं आहे हे सूरन्नांनी ओळखलं आणि त्यांचा चेहरा बंद झाला. पण दारात आलेल्या बैलाला कुणी हाकलत नाही.

"मुत्यालू! अय्यगारूंना, या घरच्या धन्यांना, नमस्कार घाल!"

बैलाने गुडघे टेकले. पोरं ओरडली.

"मुत्यालू, या घरात भात पुष्कळ पिकेल?" भरभर. हो. "अम्मगारूंचे अरिसेलु करपले?" एक ठोका. नाही. मंगतायारू हसली.

"आता खरं सांग. या घरची सून अजून घरी नाही. घोटाळा कुणी केला?" तिरपतय्याने आवाज चढवला. तो खेळिया माणूस, रंगात आला की सरळ मुद्द्यावर येत नाही. आधी दोन खोटी नावं घ्यायची त्याची रीत. "पुरोहितांनी?" एक ठोका. नाही. "मग काय, आमच्या अय्यगारूंनी?"

इथे एकच ठोका हवा होता. पण सूरन्ना नूकराजूकडे रोखून बघत होते. नूकराजूच्या हातून काठी घसरली आणि बोटं, जी कधीच त्याच्या ताब्यात नव्हती, डोलूवर भरभर पडली.

मुत्यालूने सूरन्नांकडे पाहून मान डोलावली. जोरात. गळ्यातल्या घंटा वाजल्या. नूकराजू घाबरून थांबवायला गेला तर बोटं आणखी थरथरली, आणि बैलाने पुन्हा डोलावली. तिसऱ्यांदा तर एक पाऊल पुढे टाकून डोलावली.

 तिरपतय्या आभाळाकडे बघू लागला. नूकराजूने डोळे मिटून घेतले.

आणि मंगतायारूला हसू फुटलं. पिठाचा हात तोंडावर धरून ती इतकी हसली की पीठ नाकात जाऊन शिंकली, आणि शिंकून पुन्हा हसली.

"काय खोटं बोलला बैल?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी पुरोहितांच्या शेजारी उभी होते. डोकी पुसा, पुन्हा ठेवा, म्हणत होते बिचारे. मी तुमचं उपरणं ओढत होते. तुम्ही काय करत होता? कण्या मोजत होता!"

"तेव्हा बोलली नाहीस!"

"तुमच्या आवाजात? तिथे गट्टिमेळम हरलं होतं, मी कोण?"

गल्ली हसली. आधी पोरं, मग बाया, मग गिरणीतले हमाल. खांबाशी उभा भीमशंकरम खाली बघत हसत होता. सूरन्नांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग नूकराजूकडे वळले.

"का रे, हा तुझा डोलू कधी तरी योग्य वेळी वाजतो का?"

"नाही अय्यगारू," नूकराजू डोळे न उघडता म्हणाला. "पण खोटा वाजत नाही." आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्याने झटकन लोटांगण घातलं. पोटाशी डोलू असल्याने ते पुरतं जमलं नाही. तो डोलूवर पालथा राहून डुलत राहिला.

तेव्हा सूरन्नांचंही मिशीतलं हसू सुटलं.

"ऊठ. दीक्षितुलूंना सांग, मूढम उतरल्यावरचा पहिला मुहूर्त काढा. आणि मुलगी तीच." मग बायकोकडे न बघता, "त्या लोकांकडे अरिसेलु पाठवायचे तर आत्ताच पाठव. होडी सुटेल."

*

माघात शुक्र पुन्हा दिसला. दीक्षितुलूंनी सांजवेळी ओट्यावर उभं राहून तो नूकराजूला बोटाने दाखवला, जसा काही त्यांनीच घासून पुसून वर टांगला होता. पहिला मुहूर्त लोवलक्ष्मीचा. मांडव तोच, मामा तोच, अच्चियम्माच्या परवानगीने डोलूवालाही तोच, फणस नवा.

सूरन्नांनी या खेपेला आपल्याकडचं वाजंत्र्यांचं मेळही आणलं होतं, त्यात अप्पलस्वामी नावाचा म्हातारा डोलूवाला. "तुमच्या माणसाला मदतीला," ते अच्चियम्माला म्हणाले. अर्थ सगळ्यांना कळला. नूकराजूने आदल्या रात्री भरपूर झोप काढली होती. पण बोटांवर चढवायची त्याची टोपणं, चिंध्या आणि खळ घालून दगडासारखी कडक केलेली, मूढमभर पडून सुकली होती. मुठी आवळून बसला होता, त्यातच दोन तडकली.

"आजोबा, तुमची द्या ना. एवढ्यापुरती."

अप्पलस्वामीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्या गुरूंनी दिलेली आहेत. लग्न झालं की लगेच परत."

"लगेच."

अंतरपाट धरला. दोन्हीकडे जिरं-गुळाचे गोळे तयार. दीक्षितुलूंनी घड्याळ पाहिलं, मान मुद्दाम साफ पुसली, आणि हात वर केला.

नूकराजूने हात पाहिला. हलला नाही.

"गट्टिमेळम!" दीक्षितुलू म्हणाले.

नूकराजू घामाने भिजला होता. हा खराच हात कशावरून? गवरय्याने सन्नायी तोंडाला लावून डोळे वटारले. "अरे, वाजव!"

"बावा," नूकराजू मेहुण्याला म्हणाला, "नक्की ना? तुम्ही आधी फुंका."

"मी फुंकू? या लंकेत आता डोलूशिवाय कोण फुंकतो!"

"गट्टिमेळम! गट्टिमेळम!" दीक्षितुलूंचा आवाज चिरकला. सूरन्ना अर्धे उठले, आणि मंगतायारूने त्यांचं उपरणं धरून त्यांना खाली बसवलं.

अंतरपाटामागून लोवलक्ष्मीचा आवाज आला. "बाबाई, माझा हात दुखायला लागला. वाजवा की!"

मग डोलू वाजला. असा वाजला की मांडवाच्या झापांतली सुकी पानं खाली आली, घाटावरची होडी सुटता सुटता थांबली, पलीकडच्या तीरावर गिरणीतल्या हमालांनी हात जोडले म्हणतात. भीमशंकरमने या खेपेला तोंड मिटून गोळा ठेवला. अक्षता पडत राहिल्या. अच्चियम्मा काही तरी बोलत होती, बहुधा रडत बोलत होती, पण कुणाला ऐकू आलं नाही. नूकराजू थांबेचना. मंगळसूत्र बांधून झालं तरी वाजवत होता. शेवटी गवरय्याने सन्नायी खाली ठेवून त्याचा उजवा हात धरला.

अप्पलस्वामीची टोपणं मात्र त्या गडबडीत परत द्यायची राहिली. म्हाताऱ्याने होडीवाल्याबरोबर निरोप पाठवला. मग दुसरा पाठवला, जरा कडक. तिसरा आला तो म्हाताऱ्याच्या सुनेबरोबर, बाजारात, चारचौघांत.

"आजोबांना सांग," नूकराजू बोटं पाठीमागे लपवत म्हणाला, "आता सगळे मुहूर्त लागोपाठचे आहेत. पुढचं मूढम लागलं की पहिली होडी माझी."

पुढचं मूढम, गुरूचं, लागलं आणि उतरलंही. नूकराजूची होडी अजून निघालेली नाही.